सनद होती, जागा नव्हती

२०२४च्या मार्चमधली संध्याकाळ. लीड्सच्या माझ्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने लॅपटॉप उघडला आणि एक्सेलची शीट माझ्याकडे वळवली. एकतीस ओळी. प्रत्येक ओळीत एका लॉ फर्मचं नाव, अर्जाची तारीख आणि शेवटच्या रकान्यात लाल अक्षरांत ‘नाही’. चार रकाने रिकामे होते. त्या फर्मनी नकार कळवण्याचेही कष्ट घेतले नव्हते.

ती माझ्या मैत्रिणीची मुलगी, मला मावशी म्हणते. मी इथे बरीच वर्षं सॉलिसिटर (पक्षकाराला सल्ला देणारी, त्याचे कागद करणारी वकील) आहे आणि दर वर्षी पुण्या-मुंबईहून आलेली दोन-तीन मुलं तरी याच टेबलावर चहा पीत आपापली शीट दाखवून जातात. हिचं प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एवढंच, की तिच्याकडे लागणारं बहुतेक सगळं होतं आणि तरी गाडी हलत नव्हती. तिच्या परवानगीने लिहितेय. तिचं नाव, फर्मची नावं आणि पक्षकार ओळखू येईल असा मजकूर गाळला आहे.

मुंबई विद्यापीठाची पाच वर्षांची कायद्याची पदवी. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद. ऑल इंडिया बार एक्झाम पहिल्या फटक्यात पास. फोर्टमधल्या एका मध्यम आकाराच्या फर्ममध्ये अडीच वर्षं नोकरी. मग कर्ज काढून इंग्लंडात एक वर्षाचं एलएलएम, आणि नोव्हेंबर २०२३पासून दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा, शिक्षण संपल्यावर इथे काम करू देणारा. जानेवारीत तिने एसक्यूई-वन (सॉलिसिटर होण्याच्या इथल्या परीक्षेचा पहिला भाग) दिली होती. तिचा निकालही नुकताच लागला होता: पास.

“मावशी, आता तरी बोलावतील ना गं?”

मी हो म्हणाले नाही.

परीक्षा एका दाराची, जागा दुसऱ्या

इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर होण्याचा रस्ता सप्टेंबर २०२१पासून बदलला. सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीने एसक्यूई ही सगळ्यांसाठी एकच परीक्षा आणली. पहिल्या भागात १८० प्रश्नांचे दोन पेपर. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय आणि त्यातला सर्वांत योग्य निवडायचा. करार, जमीन, ट्रस्ट, फौजदारी, कंपनी, अगदी पक्षकाराच्या पैशांचा हिशोबही त्यात येतो. दुसऱ्या भागात सोळा कामं करून दाखवायची, बारा लेखी आणि चार तोंडी. दोन्हींची मिळून फी आज ४,९०० पौंडांच्या पुढे आहे, शिकवणीचा खर्च वेगळा. पहिल्या भागात निम्म्याच्या आसपासच उमेदवार पास होतात. तिने दिली त्या जानेवारीच्या खेपेला तर परीक्षा घेणाऱ्या कॅप्लान कंपनीच्या गुणांच्या हिशोबातच चूक झाली आणि पास झालेल्या १७५ जणांना नापास म्हणून कळवलं गेलं. ते एप्रिलमध्ये उघडकीस आलं. हिला तो घोर लागला नाही, पण तिच्या वर्गातल्या पोरांचे ते दिवस कसे गेले हे मी तिच्याकडूनच ऐकलं.

परीक्षेशिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. इथे मेख आहे. दुसऱ्या देशात आधीच वकील असलेल्याला ही अट नाही. सनद असलेला भारतीय वकील एसक्यूईचे दोन्ही भाग पास झाला आणि चारित्र्याची तपासणी पार पडली, की तो सॉलिसिटर. ट्रेनी, म्हणजे शिकाऊ उमेदवार, म्हणून एक दिवसही काम न करता.

म्हणजे कागदावर बघितलं तर या मुलीला ट्रेनी होण्याची गरजच नव्हती. तरी ती एकतीस ठिकाणी ट्रेनीची जागा मागत होती. का, हे एकाही अर्जात लिहिलेलं नव्हतं. अर्ज वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येणार आणि उत्तर न मिळाल्यावर तो स्वतःचं उत्तर घालणार: हिला व्हिसा हवाय.

एलएलएमचंही सांगून टाकते, कारण इथे घरंच्या घरं फसतात. एक वर्षाचं एलएलएम केलं म्हणजे इंग्लंडात वकिली करता येते, असा आपल्याकडे समज आहे. त्या पदवीचा सॉलिसिटर होण्याशी थेट संबंध नाही. शिकायला ती छान आहे. पण कर्ज काढण्याआधी हे वाक्य आई-वडिलांनी दोनदा वाचावं.

आता जागेचं. कमर्शियल फर्ममध्ये ट्रेनीचा करार दोन वर्षांचा असतो, बहुधा सहा-सहा महिन्यांच्या चार सीट्स. एक सीट कॉर्पोरेटमध्ये, एक प्रॉपर्टीत, एक दाव्यांच्या विभागात, अशी फिरती. मोठ्या फर्म दोन-दोन वर्षं आधी भरती करतात. कायद्याची पदवी घेणारी इथली मुलं शेवटून दुसऱ्या वर्षातच अर्ज करतात. फर्म परीक्षेची फी भरते, पगार देते आणि दोन वर्षांनंतर हा माणूस आपल्याकडेच टिकेल या हिशोबाने पैसे गुंतवते. परीक्षा पास होणं ही फर्मच्या लेखी उमेदवाराची स्वतःची बाब. फर्मला बघायचं असतं, की पक्षकारासमोर हिला बसवता येईल का आणि मध्यरात्री हिने पाठवलेला मसुदा सकाळी न धास्तावता पुढे धाडता येईल का.

मुंबईकरांना हे तसं नवं वाटायला नको. फोर्टातल्या सॉलिसिटरांकडे आर्टिकल्स (सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी) करणारी पोरं हेच करत होती, आणि इंग्लंडातही ट्रेनीला पूर्वी आर्टिकल्ड क्लार्कच म्हणत. हायकोर्टाच्या मूळ शाखेतली ॲडव्होकेट-ॲटर्नी ही दुहेरी पद्धत (ॲटर्नीने खटला तयार करायचा, ॲडव्होकेटने कोर्टात मांडायचा) १९७६च्या कायदा दुरुस्तीने गेली, तरी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा अजून होते. या मुलीच्या मुंबईच्या फर्ममधले दोन वरिष्ठ ती परीक्षा पास झालेले होते. पण इंग्लंडच्या अर्जात काय लिहावं हे त्यांना विचारायचं तिला सुचलं नाही, आणि मलाही ती मार्चमध्ये भेटली, एकतीस नकारांनंतर.

सातबारा

तिचा एक अर्ज मी छापून घेतला आणि पेन्सिल घेऊन बसले. सुरुवात अशी होती (मराठीत सांगते): ‘लहानपणापासून मला कायद्याची ओढ आहे. आपल्या नामांकित, जागतिक फर्मच्या सहकार्याच्या संस्कृतीने मी प्रभावित झाले आहे.’ मी फर्मचं नाव खोडलं आणि दुसरीचं लिहिलं. वाक्याला ओरखडाही उठला नाही. तिसरीचं लिहिलं. ती म्हणाली, “कळलं गं मावशी, पुरे.”

मग मी विचारलं, अडीच वर्षं फोर्टात काय करत होतीस? अर्जात त्याबद्दल एकच ओळ होती: ‘प्रॉपर्टी व्यवहारांच्या ड्यू डिलिजन्समध्ये (व्यवहाराआधीच्या कागदांच्या तपासणीत) साहाय्य केलं.’

“काही नाही गं. टायटल बघायचे. सातबारे, फेरफार, इंडेक्स टू. तलाठी कार्यालयात खेटे. ज्यांना कॉर्पोरेट मिळायचं नाही त्यांच्या गळ्यात ते पडायचं.”

“एखादं आठवतंय?”

आठवत होतं. चांगलं तासभर पुरेल एवढं आठवत होतं. भिवंडी तालुक्यात गोदामांसाठी घेतलेली जमीन, तिच्या तारणावर एक वित्तसंस्था कर्ज देणार, आणि हिच्या फर्मने तीस वर्षांचे कागद तपासायचे. पाच गट. चारांचे सातबारे सरळ. पाचव्यावर ‘भूधारणा पद्धती’पुढे लिहिलेलं होतं: भोगवटादार वर्ग २. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर करता येत नाही अशी जमीन. ती मधे एकदा विकली गेली होती. फेरफाराची नोंद होती, पण परवानगीचा आदेश कुठल्याच फायलीत नव्हता. हाताने लिहिलेला जुना फेरफार, शाई फुटलेली, मधेच खाडाखोड. बरोबरच्या सहकाऱ्याला मराठी वाचता येत नव्हतं. हिने तो अक्षरांचे आकार ताडून ताडून वाचला, वरिष्ठांना दाखवला, आणि कर्जाच्या करारात अट आली, की आदेश हातात येईपर्यंत त्या गटापोटीची रक्कम सुटणार नाही.

“आणि हे तू लिहिलं नाहीस?”

“मावशी, तलाठ्याची कथा लंडनच्या फर्मला काय सांगायची?”

इथे माझं चहाचं आधण उतू गेलं, तेव्हा मी काय बोलले ते नीट आठवत नाही. पण मुद्दा असा होता. इंग्लंडच्या लँड रजिस्ट्रीत प्रत्येक मिळकतीच्या नोंदीचे तीन भाग असतात: जमिनीचं वर्णन, मालकाचं नाव, आणि बोजे. मालकाच्या भागात ‘रिस्ट्रिक्शन’ लिहिलेलं असतं, अमक्याच्या संमतीशिवाय पुढची नोंद होणार नाही, असं. कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील सगळ्यात आधी तेच शोधतो. ही मुलगी तेच शोधत होती, त्याहून अवघड कागदांत. इथल्या नोंदणीमागे सरकारची हमी आहे. आपला सातबारा मुळात महसुलाचा कागद; फेरफारामुळे मालकी मिळत नाही हे आपली न्यायालयं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. हमी नसलेल्या कागदावरून जोखीम किती ते ठरवायचं आणि ती पैशात बसवायची, यालाच इथले लोक ‘कमर्शियल अवेअरनेस’ म्हणतात. त्यासाठी उमेदवार रोज फायनान्शियल टाइम्सचे मथळे पाठ करतात. हिच्याकडे तो भिवंडीहून आलेला होता.

परिच्छेद तिनेच नव्याने लिहिला. पक्षकाराचं नाव, गावाचं नाव, रक्कम, काही नाही. फक्त काय दिसलं, त्यातून काय होऊ शकलं असतं आणि करारात काय बदललं. पहिल्या खर्ड्यात मात्र वित्तसंस्थेचं नाव होतं. ते मी खोडलं. जिने मुंबईतल्या पक्षकाराचं नाव लीड्समध्ये सांगितलं, ती लीड्सच्या पक्षकाराचं नाव उद्या दुसरीकडे सांगणार नाही, याची खात्री कोण देणार? नुसत्या या एका चुकीवर अर्ज बाजूला ठेवलेले मी पाहिले आहेत.

मागच्या दाराने

तरीही लगेच अर्ज करू नको, असं मी सांगितलं. तो हंगाम संपत आला होता आणि व्हिसाची दीड-पावणेदोन वर्षं उरली होती. आधी इंग्लंडातली एखादी फाइल हाताखालून जायला हवी होती. एजन्सीमार्फत तिने पॅरालीगलची, म्हणजे वकिलांच्या हाताखालच्या मदतनिसाची, तीन महिन्यांची हंगामी नोकरी धरली, लीड्समधल्याच एका कमर्शियल फर्मच्या रिअल इस्टेट फायनान्स विभागात. आईला फोनवर सांगताना तिचा आवाज पडला होता. सनद असलेली वकील, आणि काम फॉर्म भरण्याचं.

फॉर्मच होते. व्यवहार पूर्ण झाल्यावरची कामं: चौदा दिवसांत स्टॅम्प ड्यूटी लँड टॅक्सचा रिटर्न, लँड रजिस्ट्रीकडे नोंद बदलण्याचा अर्ज, आणि कंपनीने मिळकत तारण दिली असेल तर एकवीस दिवसांत कंपनीज हाउस या कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाकडे बोजाची नोंद. ही शेवटची मुदत चुकली तर कंपनी बुडाल्यावर तो बोजा लिक्विडेटर (बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा) आणि इतर धनकोंविरुद्ध टिकत नाही. बँकेचं तारण हवेत विरतं. भारतात याच कामाला तीस दिवस मिळतात, सीएचजी-वन हा फॉर्म भरायला. हिने पहिल्याच आठवड्यात स्वतःसाठी एक तक्ता केला, प्रत्येक व्यवहाराच्या तारखेपुढे तिन्ही मुदती. महिनाभरात तो तक्ता अख्खा विभाग वापरू लागला. तीन महिन्यांचे सहा झाले, मग नोकरी कायम.

ऑक्टोबरमध्ये तिने तिथेच अंतर्गत अर्ज केला, शिवाय बाहेर सहा ठिकाणी. एकतीस नाही, सहाच. बाहेरच्यांपैकी दोघांनी व्हॉट्सन ग्लेझर चाचणीपर्यंत नेलं. चाळीस प्रश्नांची ती तर्काची चाचणी आपल्या हुशार मुलांना हमखास पाडते, कारण उताऱ्यात नसलेलं पण खरं असलेलं ज्ञान ती वापरायला जातात. ही एकात पडली, दुसऱ्यात तरली, आणि त्या दुसऱ्या फर्मने मुलाखतीनंतर नाही म्हटलं.

टेबलाच्या पलीकडे

स्वतःच्या फर्मची निवडीची दिवसभराची फेरी फेब्रुवारी २०२५मध्ये होती. आदल्या रविवारी मी आणि माझा नवरा टेबलापलीकडे बसलो, तिला बाहेरून दार वाजवून आत यायला लावलं. पहिलंच वाक्य: “गुड मॉर्निंग, सर.” इथे पार्टनरलाही पहिल्या नावाने हाक मारतात. तिच्या तोंडातून ते निघेना. दहा वेळा घोटून घेतलं, तरी शेवटी तिने काढलेली पळवाट म्हणजे कुणालाच काही न म्हणणं. मला ती मान्य होती.

लेखी कामात तासभरात एका बँकेसाठी टिपण लिहायचं होतं. दोन गोदामं, भाडेकरार, मूल्यांकन, सोळा पानांची फाइल. शेवटच्या जोडपत्रात एक ओळ होती: बोजा चार तारखेला निर्माण झाला. टिपणावरची तारीख तेवीस. कंपनीज हाउसकडे नोंद झाल्याचा उल्लेख कुठेच नव्हता. दिवस पाच तारखेपासून मोजायचे. एकविसावा पंचवीस तारखेला येतो. तिच्या टिपणाची पहिली ओळ होती: ‘आपल्या हातात दोन दिवस आहेत.’ बाकीचं सगळं त्याखाली. बाकीच्यांनी मिळकतीच्या वर्णनापासून सुरुवात केली होती, हे तिला नंतर कळलं.

गटचर्चेत ती फारशी चमकली नाही. दोन मुलं मोठमोठ्याने बोलत होती, ही ऐकत राहिली, शेवटी दोघांच्या मुद्द्यांची सांगड घातली आणि वेळ संपली. यावर मिळालेला शेरा ‘समाधानकारक’ एवढाच होता.

मुलाखतीत दोन पार्टनर होते. तो प्रश्न तिसऱ्या मिनिटाला आला: तुम्ही आमच्याशिवायही सॉलिसिटर होऊ शकता. मग दोन वर्षं ट्रेनी कशाला?

रविवारी याचं उत्तर तिने चार प्रकारे दिलं होतं आणि चारही घासून गुळगुळीत झाली होती. प्रत्यक्षात ती म्हणाली, की मुंबईत मी जमिनीचे कागद वाचले आणि काय अडचण आहे ते वर कळवलं. ते ऐकून बँकेने किती पैसे, कुठल्या अटीवर द्यायचे हे कसं ठरवलं, त्या खोलीत मी कधी नव्हते. उद्या परीक्षा पास होऊन मी सॉलिसिटर झाले तरी त्या खोलीत मला कुणी बोलावणार नाही. बोलावलं तरी मी तिथे आज उपयोगाची नाही.

त्यावर एकीने वर्ग २च्या जमिनीबद्दल खोदून खोदून विचारलं आणि शेवटी म्हणाली, “मग तुम्ही पक्षकाराला काय सल्ला दिलात?”

“मी दिला नाही. मी वरिष्ठांना दाखवलं, त्यांनी दिला.”

हे सांगताना आपण संपलो असं तिला वाटलं. मला विचाराल तर जागा तिथे मिळाली. अडीच वर्षांच्या कनिष्ठाने पक्षकाराला सल्ला दिल्याची फुशारकी मारणारे उमेदवार दर हंगामात येतात, आणि ऐकणारे पार्टनर स्वतः कधीतरी कनिष्ठ असतातच.

नशीब आणि गृहखातं

मार्चमध्ये होकार आला. नेहमीप्रमाणे तो सप्टेंबर २०२६साठी असता, तर तिचा व्हिसा त्याआधी दहा महिने संपला असता आणि हे प्रकरण मी लिहिलंच नसतं. पण २०२५च्या तुकडीतल्या एकाने जागा सोडली आणि ती हिला मिळाली. यात आमची कुणाची हुशारी नाही.

व्हिसाचं मी तिला अर्जाच्या आधीच बघायला लावलं होतं. प्रायोजकत्वाचा, म्हणजे परदेशी माणसाला कामाच्या व्हिसावर नोकरीला ठेवण्याचा, परवाना असलेल्या कंपन्यांची यादी ब्रिटिश गृहखातं जाहीर करतं. फर्म त्यात होती. पण परवाना असणं वेगळं आणि ट्रेनीसाठी तो वापरणं वेगळं. या फर्मने ट्रेनीला कधीच प्रायोजित केलं नव्हतं, आणि देऊ केलेला पगार नियमात बसत नव्हता. स्किल्ड वर्कर या कामाच्या व्हिसासाठी वार्षिक पगाराची तेव्हाची सर्वसाधारण किमान पातळी ३८,७०० पौंड. नव्याने व्यवसायात येणाऱ्यांना सवलत धरून ३०,९६०, शिवाय त्या व्यवसायाचा ठरलेला दर वेगळा मोजतात. लंडनबाहेरच्या बऱ्याच फर्म इथेच माघार घेतात. ट्रेनीच्या किमान पगाराची सक्ती २०१४मध्येच उठली आहे, त्यामुळे फर्मवर खालून कुणाचा धाक नाही. दोन महिने ईमेल चालले. शेवटी फर्मने त्या वर्षीच्या सगळ्याच ट्रेनींचा पगार नियमाच्या रेषेवर नेला; एकटीचा वाढवता येत नव्हता.

मग १ जुलैला नवे नियम जाहीर झाले. २२ जुलैपासून ३८,७००चे ४१,७०० आणि ३०,९६०चे ३३,४००. तीन आठवडे. प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र पंधरा तारखेला आलं, अर्ज सोळाला गेला. त्या दोन रात्री ती माझ्याकडेच झोपायला होती, म्हणजे झोपली नाही. मुदतींचा तो तक्ता तिने या वेळी स्वतःच्या नावाने केला होता आणि फ्रिजला चिकटवला होता.

एसक्यूईचा दुसरा भाग अजून व्हायचा आहे. त्याची फी फर्म भरणार आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी दुपारी तिचा फोन आला. चार सीट्सचा क्रम कळला होता. तिने पहिली पसंती कॉर्पोरेटला दिली होती.

“मावशी, काय मिळालं सांगू? परत जमीनच.”

मी हसत होते. ती नव्हती.